स्लोव्हाकियात रोमन कधी होते का? (त्रेन्चीनचा शिलालेख आणि गाडीतलं भांडण)

खानदेशी_मांडे:

नमस्कार मंडळी. कामानिमित्त तीन महिन्यांसाठी नित्राला आले आहे. (पुण्याकडच्यांना हे गाव जग्वार लँड रोव्हरच्या कारखान्यामुळे ऐकून माहीत असेल. माझा त्या कारखान्याशी संबंध नाही, पण भारतीय दिसली की इथले लोक आधी तेच विचारतात.)

गेल्या शनिवारी ऑफिसातले दोघं मला त्रेन्चीनला घेऊन गेले. किल्ला पाहिला, दमलो, खाली उतरलो. मग त्यातला एक म्हणाला, आता खरी गोष्ट बघ, आणि चक्क एका हॉटेलात शिरला. एलिझाबेथ हॉटेल. मागच्या बाजूला जिन्याशी एक काच आहे, तिच्यातून किल्ल्याखालचा कडा अगदी हाताच्या अंतरावर दिसतो आणि त्या कड्यावर लॅटिन अक्षरं कोरलेली. सन १७९-१८० मधली! हा गडी छाती फुगवून सांगत होता की युरोपातला सगळ्यात उत्तरेकडचा रोमन शिलालेख आमच्याकडे आहे.

परतीच्या वाटेवर दुसरी सहकारी म्हणाली, "त्यात आपलं काय? आपण तर तेव्हा इथे नव्हतोच." झालं. नित्रा येईपर्यंत दोघांचं स्लोव्हाकमध्ये जुंपलं आणि मी मागच्या सीटवर चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन गप्प.

मला आता प्रश्न पडलाय की रोमनांचं इथे राज्य होतं की नव्हतं? असेल तर बाकीचे अवशेष कुठे आहेत? नसेल तर इतक्या आत येऊन कड्यावर अक्षरं कोरायला कोण आलं होतं? आणि दोन शनिवार-रविवार हाताशी आहेत, त्यात काय बघू?

तिखटमीठ:

बाकीचं जाणकार सांगतीलच, पण तुमच्या त्या छाती फुगवणाऱ्या मित्राला एक निरोप द्या. त्रेन्चीन ४९ अक्षांशाच्याही किंचित खाली येतं. इंग्लंडच्या उत्तरेला रोमनांनी बांधलेली हेड्रियनची भिंत ५५ अक्षांशावर आहे आणि तिथे रोमन लेखांचा खच पडलाय. स्कॉटलंडात तर त्याच्याही वर सापडलेत. "मध्य युरोपात, डॅन्यूबच्या पलीकडे इतक्या आत" असं म्हणायचं असेल तर म्हणू द्या, तेवढी फुशारकी चालेल.

साखळीवाला:

ताई, तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांचं बरोबर आहे, म्हणूनच वाद मिटला नसणार.

मी मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. साखळी आणि प्लेन टेबल यांच्या संगतीत ३१ वर्षं गेली. मुलगी ब्रातिस्लाव्हाला असते. तिच्याकडे दोन उन्हाळे काढले, नातवाला बाबागाडीत घालून जमेल तेवढा हिंडलो. इतिहासाचा अभ्यासक वगैरे नाही. पण हद्दीचा विषय निघाला की मला राहवत नाही, आणि स्लोव्हाकियातल्या रोमनांची गोष्ट ही पहिल्यापासून शेवटपर्यंत हद्दीचीच गोष्ट आहे.

रोमन साम्राज्याची इकडची हद्द म्हणजे डॅन्यूब नदी. दक्षिणेला पान्नोनिया हा त्यांचा प्रांत, उत्तरेला क्वादी नावाच्या जर्मानिक लोकांचा मुलूख. आजचा स्लोव्हाकिया जवळजवळ सगळा उत्तर काठावर येतो. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझ्या भाषेत उत्तर असं, की हा मुलूख रोमच्या सातबाऱ्यावर कधी चढलाच नाही. रोमन इथे लगतधारक होते. आता लगतधारक किती उपद्व्याप करू शकतो हे ज्याची शेती आहे त्याला सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, मग ब्रातिस्लाव्हाजवळ रुसोव्त्सेला गेरुलाता म्हणून रोमन ठाणं दाखवतात ते काय? ते खरंच रोमन आहे, पक्कं हद्दीवरचं ठाणं. तिथे कानानेफातांचं घोडदळ होतं, म्हणजे पार ऱ्हाइनच्या मुखाकडचे, आजच्या नेदरलँड्समधले स्वार. पण ते ठाणं नदीच्या उजव्या काठावर आहे, रोमच्या बाजूला. आणि ते गाव १९४७ पर्यंत हंगेरीत होतं! दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या तहात रुसोव्त्से, यारोव्त्से आणि चुनोवो ही तीन गावं चेकोस्लोव्हाकियाकडे आली. रोमन जाऊन दीड हजार वर्षं झाली होती. नकाशावरची रेघ सरकली आणि या देशाला बसल्या जागी रोमन ठाणं मिळालं. मी तिथे चौथ्या शतकातल्या बुरुजवजा इमारतीच्या दोन मीटरहून जाड भिंतीवर हात ठेवून उभा होतो आणि मनात हेच चाललं होतं, की याची "क प्रत" (मोजणीच्या नकाशाची प्रत) काढायला बसलो तर मालकाच्या रकान्यात किती नावं खोडावी लागतील.

आता त्रेन्चीन. ते मात्र नदीपासून शंभराहून जास्त किलोमीटर आत आहे, वाह नदीच्या खोऱ्यात. इथे रोमन राहायला आलेले नव्हते, लढाईच्या धामधुमीत येऊन थांबले होते. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या कारकिर्दीत क्वादी आणि त्यांचे शेजारी मार्कोमानी, हेही जर्मानिकच, यांनी नदी ओलांडून साम्राज्यात धुमाकूळ घातला. मग हा तत्त्वचिंतक सम्राट वर्षानुवर्षं डॅन्यूबवर तळ देऊन लढत राहिला. त्याची जी स्वतःसाठी लिहिलेली चिंतनं आज जगभर वाचली जातात, त्यांत एका जागी "क्वादींच्या मुलखात, ग्रानुआ नदीकाठी" अशी नोंद आहे. ग्रानुआ म्हणजे आजची ह्रोन, स्लोव्हाकियातच वाहते आणि श्तुरोवोपाशी डॅन्यूबला मिळते. "सकाळी उठताना मनाशी म्हण, आज मला उद्धट, कृतघ्न माणसं भेटणार आहेत" असा जो त्याचा प्रसिद्ध विचार, तो या नोंदीला लागूनच येतो. रोज सकाळी तंबूबाहेर काय वाढून ठेवलेलं असायचं, त्याचा अंदाज येतो.

त्रेन्चीनचा लेख पाच-सहा ओळींचा. मतितार्थ असा: सम्राटांच्या विजयाप्रीत्यर्थ, लाउगारिकिओ (म्हणजे हीच त्रेन्चीनची जागा) इथे तळ देऊन असलेल्या सैन्याने, दुसऱ्या लिजनच्या (लिजन म्हणजे रोमन सैन्याचं मोठं दल) ८५५ सैनिकांनी, लिजनच्या प्रमुखाने हे करवून घेतले. "सम्राटांच्या" हे आदरार्थी नाही, खरंच दोन सम्राट होते, मार्कस आणि त्याचा मुलगा कोमोडस. दुसरी आद्युत्रिक्स ही लिजन एरवी आजच्या बुडापेस्टात, आक्विंकुमला असायची.

मला त्या लेखात सगळ्यात आवडला तो आकडा. पूर्ण लिजन म्हणजे पाच हजारांच्या आसपास माणूस, म्हणजे ही तिची एक तुकडी. बढाई मारायची असती तर कोणी हजार लिहिले असते. ८५५ हा आकडा हजेरीपटावरून उतरवलेला आहे. कुठल्या तरी कारकुनानं थंडीत बोटं चोळत मोजलेली डोकी आहेत ती. त्या कारकुनाबद्दल मला विलक्षण आपुलकी वाटते.

आणि शेवटचं "करवून घेतले". श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी आपल्या मराठीतला जुना लेख आहे ना, "श्रीचावुण्डराजें करवियलें"? अगदी तेच क्रियापद, तोच थाट. दगड फोडणारा वेगळा, नाव लागणार साहेबाचं. गंमत म्हणजे त्रेन्चीनच्या कड्यावर त्या साहेबाचंच नाव नीट लागत नव्हतं. ते सुटलं कुठे, तर आफ्रिकेत. अल्जीरियातल्या झाना गावी १९५०च्या दशकात एक लेख उजेडात आला, मार्कुस व्हालेरिउस माक्सिमिआनुस याच्या सन्मानार्थ कोरलेला. त्यात त्याची सगळी नोकरी ओळीनं लिहिलेली आहे: नारिस्ती टोळीचा म्होरक्या वालाओ याला स्वतःच्या हातानं ठार केलं हे आहे, आणि लाउगारिकिओला हिवाळा काढणाऱ्या तुकड्यांचा तो प्रमुख होता हेही आहे. म्हणजे एका टोकाला अर्धवट खोडलेला फेरफार आणि हजारो किलोमीटरवर त्याची पक्की नक्कल. आमच्या खात्यात असं जुळलं की त्या दिवशी चहा साहेबाकडून असायचा.

अनुस्वार:

साखळीवाला काका, सुंदर लिहिलंत. एक शेपूट माझ्याकडून. "तळ देऊन असलेल्या" असं तुम्ही ज्याचं केलंत तिथे मूळ लॅटिनमध्ये "सेदित" आहे, म्हणजे सरळ सरळ "बसलं". हा धातू आणि संस्कृतचा "सद्" (सीदति, संसद, परिषद) एकाच मुळाचे. "सैन्य लाउगारिकिओला बसलं" असंच म्हणावं की. आपल्याकडे चौकी बसते, ठाणं बसतं, तसं.

खानदेशी_मांडे:

बापरे, मी तो आकडा वाचलाच नव्हता, नुसते फोटो काढले. काका, खूप आभार. पण एक विचारू? या सगळ्यात क्वादी लोकांचं काय? आपल्या घरात घुसून कोणी असं "बसलं" तर ते गप्प राहिले? आणि आमच्या त्या सहकारीचा मुद्दा राहिलाच की.

पाच_कोरुना:

सहकारीच्या मुद्द्यावर मी बोलतो. २००६-०७ मध्ये ब्रातिस्लाव्हाला होतो, युरो यायच्या आधी. तेव्हाचं पाच कोरुनाचं नाणं अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर काय आहे माहीत आहे? बिआतेक नावाचं केल्टिक नाणं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ब्रातिस्लाव्हाच्या टेकडीवर केल्टांची वसाहत होती, तिथली ती नाणी. स्लाव लोक या भागात आले पाचव्या-सहाव्या शतकात. म्हणजे स्लोव्हाकांनी आपल्या चलनावर स्लाव नसलेल्यांचं नाणं छापलं आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. त्यांच्या राष्ट्रीय बँकेसमोर बिआतेकचा घोडेस्वार पुतळाही आहे. केल्ट चालतात, मग रोमन का नकोत? तुमची सहकारी तारखेनं बरोबर आहे, मित्र मायेनं बरोबर आहे.

त्याच टेकडीवर, आजच्या किल्ल्याच्या आवारात, केल्ट सरदारांसाठी रोमन पद्धतीनं बांधलेल्या इमारतींचे अवशेषही २००८ नंतरच्या खोदकामात निघाले. डॅन्यूबवर रोमन चौक्या बसायच्या कितीतरी आधीच्या. सैन्याआधी गवंडी पोचले होते म्हणा.

तिखटमीठ:

"तारखेनं बरोबर, मायेनं बरोबर" हे मी चोरणार आहे.

साखळीवाला:

ताई, क्वादी गप्प राहिले नाहीत. दिओ कासियस नावाचा रोमन इतिहासकार सांगतो की मार्कसनं क्वादी आणि मार्कोमानी यांच्या मुलखात वीस-वीस हजार सैन्य ठाण्यांमध्ये ठेवलं होतं. सैनिकांना न्हाणीघरांसकट सगळ्या सोयी, आणि इकडे टोळ्यांना गुरं चारायची, नांगर धरायची चोरी. क्वादी इतके कावले की सगळ्यांनी बिऱ्हाड उचलून उत्तरेला सेम्नोन नावाच्या दुसऱ्या जर्मानिक टोळीकडे निघून जायचं ठरवलं. मार्कसला हे आधीच कळलं, त्यानं वाटा अडवल्या. म्हणजे राहू पण देईना, जाऊ पण देईना!

मार्कोमानींशी तह झाला त्यातलं एक कलम तर मी वहीत उतरवून ठेवलंय. नदीकाठचा मोकळा ठेवायचा पट्टा निम्मा करून दिला आणि वस्ती नदीपासून ३८ स्टेडिया अंतरावर करावी, असं ठरलं. ३८ स्टेडिया म्हणजे सुमारे सात किलोमीटर. साम्राज्याची मोजणी झाली, नोटीस बजावली, लगतधारकानं सात किलोमीटर मागं सरकावं. सही कोणाची घेतली असेल देव जाणे.

आता तुमच्या सुटीसाठी माझी शिफारस: इझा. नित्राहून दक्षिणेला कोमार्नो, तिथून पूर्वेला अगदी जवळ. डॅन्यूबच्या डाव्या काठावर शेतांच्या मधोमध रोमन किल्ल्याचा पाया आहे. पाटीवर केलेमांतिया असं नाव दिसेल. समोर नदीपलीकडे हंगेरीत ब्रिगेतिओ, रोमची पहिली आद्युत्रिक्स लिजन तिथे असायची. म्हणजे पक्का बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात घातलेलं हे खोपट. आधी मातीचा नि लाकडाचा तळ होता. लाकडाच्या वलयांवरून तो १७५च्या सुमारास उभारल्याचं कळतं आणि १७९ मध्ये जाळपोळीत तो नष्ट झाला. क्वादी गप्प राहिले नाहीत म्हटलं ते असं. मग त्याच जागी दगडी किल्ला बांधला, १७२ मीटर गुणिले १७२ मीटर, वीस बुरूज. मी लगेच हिशेब केला, सात एकर बारा गुंठे. आमच्याकडे एवढ्या जमिनीत चार भाऊ कोर्टात जातात.

तिथे जाऊन निराश होऊ नका. उंच काही नाही, दगड पुढच्या पिढ्यांनी बांधकामाला उचलून नेले. पण सपाट रानात तो चौकोन आणि मागं नदी, एवढं पुरेसं आहे. २०२१ मध्ये इझा आणि गेरुलाता दोन्ही डॅन्यूबच्या रोमन सरहद्दीबरोबर जागतिक वारसा यादीत गेले, जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ठिकाणांसोबत. रुसोव्त्सेचं संग्रहालय हंगामातच उघडं असतं, निघण्याआधी चौकशी करा.

तात्पुरते रोमन तळ आणखीही सापडलेत, वाह, मोरावा या नद्यांच्या खोऱ्यांत. पण ते जमिनीवरून दिसत नाहीत. विमानातून फोटो काढले तेव्हा उभ्या पिकात रेघा उमटल्या. खंदक बुजला तरी त्या जागी माती खोल नि भुसभुशीत राहते, ओल टिकते, पीक जास्त हिरवं येतं. जुनी बुजवलेली विहीर जशी पावसाळ्यानंतर रानात ओळखू येते तसं. आमच्या एका जुन्या शिपायाला ही नजर होती, तो नुसत्या बाजरीकडे बघून बांध कुठून सरकवलाय ते सांगायचा.

आणि हद्दीच्या भांडणाचा शेवट सांगतो, मग थांबतो. मार्कसनंतर दोनशे वर्षं जवळजवळ. सम्राट व्हालेंतिनिआनुस. त्याच्या हुकुमानं रोमनांनी परत नदीपलीकडे क्वादींच्या जमिनीवर किल्ला बांधायला घेतला. क्वादींचा राजा गाबिनिउस तक्रार घेऊन आला, बांधकाम थांबवा म्हणाला, तर रोमन सेनापतीनं त्याला जेवायला बोलावलं आणि परतीच्या वाटेवर मारला. मग व्हायचं तेच झालं, क्वादी नदी ओलांडून तुटून पडले. ३७५ मध्ये त्यांचे वकील ब्रिगेतिओला, म्हणजे इझाच्या समोरच, सम्राटापुढे उभे राहिले आणि म्हणाले, आगळीक झाली, पण तो किल्ला अन्यायानं बांधायला घेतलात म्हणून लोक बिथरले. हे ऐकून सम्राटाचा इतका संताप झाला की ओरडता ओरडता त्याला झटका आला आणि त्या १७ नोव्हेंबरला तो तिथेच मेला. मोजणीच्या जागेवर रक्तदाब चढून आडवे झालेले दोन खातेदार मी स्वतः पाहिले आहेत. सम्राट मात्र हा एकच.

अनुस्वार:

नित्रा आणि ब्रातिस्लाव्हाच्या मधल्या बोल्दोग या गावाचाही उल्लेख हवा. तिथल्या चर्चमध्ये एक थडग्याचा दगड सापडला, क्विंतुस आतिलिउस प्रिमुस याचा. पंधराव्या लिजनचा दुभाषा, सेंच्युरियन (तुकडीचा नायक) आणि पुढे व्यापारी. ऐंशीव्या वर्षी वारला. पहिल्या शतकातला माणूस, म्हणजे मार्कसच्या लढायांच्या बराच आधीचा. नदीच्या उत्तरेला, परक्या मुलखात, दोन्हीकडची भाषा येणारा म्हातारा व्यापारी. अंबर (दागिन्यांत वापरतात ती दगडासारखी घट्ट झालेली राळ) बाल्टिक समुद्राकडून याच बाजूनं खाली यायचं. त्रेन्चीनचे ८५५ एक हिवाळा राहिले असतील, हा गृहस्थ बहुधा आयुष्यभर ये-जा करत होता. मला विचाराल तर स्लोव्हाकियातला खरा रोमन हा.

साखळीवाला:

वा! हे माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला बोल्दोग नक्की. दुभाषा म्हणजे आमच्या मोजणीतला पंच, दोघांच्याही शिव्या खाणारा.

खानदेशी_मांडे:

मंडळी, काल इझाला जाऊन आले, त्या दोघांनाही घेऊन. कोमार्नोच्या पुढे रस्ता इतका सरळ आणि रानं इतकी सपाट की आपण चुकलोय असंच वाटत होतं. किल्ल्यात आम्ही तिघं, एक सायकलवाला आजोबा आणि भरपूर डास. व्हालेंतिनिआनुसची गोष्ट मी त्यांना मोडक्या इंग्रजीत सांगितली तेव्हा सहकारी नदीपलीकडे बोट दाखवून म्हणाली, "म्हणजे तो तिकडे मेला? मग तो हंगेरीचा." आणि परत दोघांचं सुरू झालं.

ते भांडत होते तोवर मी उत्तरेकडची बाजू पावलांनी मोजली. २३१ पावलं भरली. काका, १७२ मीटरच्या हिशेबानं माझं पाऊल किती सेंटिमीटरचं झालं ते जरा सांगा.

साखळीवाला:

साडेचौऱ्याहत्तर. पण ताई, दुसरी बाजूही मोजायला हवी होती. एका बाजूवर आम्ही नकाशा करत नाही.